ठाणे नऊ, डोंबिवली अकरा

ताई, तुझा फोन माझ्याकडे आहे. तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेरणा घेऊन आली, चार्जरसकट, तुझ्या निळ्या कापडी पिशवीत घालून. म्हणाली, "मावशी, मंडळीच्या खात्यात शिरताना तो सहा आकडी नंबर आत्याच्याच फोनवर येतो. तुमच्याकडेच राहू दे." सही करून पार्सल घ्यावं तसा मी तो घेतला आणि चार्जिंगला लावला. वहीतल्या वेळापत्रकाचा फोटो काढून तू पडद्यावर ठेवला होतास, तो अजून तिथेच आहे. ठाकुर्ली साडेसात, ठाणे नऊ, डोंबिवली अकरा, कल्याण संध्याकाळी पाच.

ठाण्याच्या लिलीबाईंनी मंडळीच्या पत्रकासाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. "नलिनीबाई, तुम्ही तिच्या जवळच्या. जन्म, नोकरी, सेवा ते मी लिहिते. तुम्ही आठवणी लिहा." लिहिते. पण आधी एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर पुढचं काही लिहायचा मला हक्क नाही. त्या रविवारी ठाण्याचं नेटवर्क गेलं नव्हतं. तू बोलत असताना लाईन तुटली, ती मी तोडली. डोंबिवलीच्या हॉलमध्ये, बाजाच्या पेटीशेजारी बसून, बटण दाबून.

हे एवढं लिहायला मला जवळजवळ आठवडा लागला. तुला माहीत आहे, मी सहसा कामाला इतका वेळ लावत नाही.

पत्रक वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या चर्चच्या या चारही मंडळ्या लहान. लॉकडाऊनमध्ये देवळं बंद झाली तेव्हा चारही मंडळ्यांनी मिळून व्हिडिओ मीटिंगचं एक खातं घेतलं. पुढे देवळं उघडली, लोक परतले, पण सगळे नाही. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, जे मुलाकडे पुण्याला राहायला गेले, ज्यांना रविवारी ड्युटी असते, ते घरूनच येत राहिले. म्हणून खातं राहिलं. त्याची एक खोड होती. एका वेळी एकच मीटिंग. ठाण्याची चालू असताना मी डोंबिवलीची सुरू करायला गेले की पडद्यावर चौकोन येतो: या खात्यावर दुसरी मीटिंग चालू आहे, ती संपवून ही सुरू करायची का? हो म्हटलं की तिकडची सगळी माणसं एका क्षणात बाहेर. प्रार्थना चालू असो, गाणं चालू असो, कुणी रडत असो.

खात्याचा पासवर्ड दोघींकडे होता, तुझ्याकडे आणि माझ्याकडे. आणि तुझा नियम एकच होता. चौकोन आला की बटण दाबायचं नाही. आधी तुला फोन करायचा. तू तुझ्या ठाकुर्लीच्या खोलीत बसून तिकडच्या मीटिंगमध्ये कान लावून असायचीस. मी विचारायचे, "झालं का त्यांचं बोलून?" तू म्हणायचीस, "थांब, दोन मिनिटं." किंवा म्हणायचीस, "झालं. घे लाईन."

मला आधी हे नाटक वाटायचं. तुझ्या तोंडावर म्हणाले होते. "ताई, अकरा म्हणजे अकरा. ठाण्याच्या पाळकसाहेबांना घड्याळ दिसत नाही, तर ते काय आमचं पाप? इथे शंभर माणसं हॉलमध्ये बसलीत, हॉल एक वाजता शाळेला परत द्यायचाय."

"दे की. पण माणूस बोलत असताना लाईन काढायची नाही."

"तुमच्या वेळी तीन मिनिटांनी काढत होतात की."

तू गप्प झालीस तेव्हा. मला वाटलं मी जिंकले. ताई, आता कळतंय मला तू का गप्प झालीस. पण ते पुढे सांगते. क्रमाने सांगते.

तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे तीन-तीन मिनिटांचे फोन, जोडायचीस हे मला आपण एकत्र काम करायला लागल्यावर समजलं. त्याआधी तू माझ्यासाठी ठाकुर्लीच्या मंडळीतली एक एकटी राहणारी, टापटीप, थोडी तिरसट बाई होतीस. पहिल्याच महिन्यात मी तुझ्या घरी आले तर तू टेबलावर टॅबलेट, फोन आणि वही अशी मांडणी करून ताठ बसली होतीस. दार लोटलेलंच असेल, ढकलून आत यायचं, हे तू आधीच फोनवर सांगून ठेवलेलं. "मी बोर्डावर असताना उठत नाही." बोर्ड म्हणजे तुझा जुना स्विचबोर्ड, जो केव्हाच भंगारात गेला असेल. तू टॅबलेटलाही बोर्डच म्हणायचीस. संध्याकाळी कल्याणची उपासना संपली की म्हणायचीस, "बोर्ड रिकामा." मग चहा.

त्या चहावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, लोकांना म्यूट कर. एकदा पाळकसाहेब आशीर्वाद देत होते, हात वर केलेला, डोळे मिटलेले, आणि कल्याणचे गायकवाडकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साखर कमी घाल गं, कालचा चहा पाक झाला होता." मी हसू दाबत होते आणि चिडलेही होते. तू म्हणालीस, "बरंच झालं. काका जागे आहेत हे तरी कळलं." तू कधी कुणाला म्यूट केलं नाहीस. कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांचा टीव्ही, खोकला, सगळं उपासनेत यायचं. तुझं म्हणणं, माणूस घरून येतो तेव्हा घर घेऊनच येणार.

दुसरं भांडण रेकॉर्डिंगचं. ते आपलं मिटलंच नाही. मी म्हणत होते, बटण दाबलं की सगळं साठवलं जातं, ज्यांची उपासना चुकली त्यांना नंतर ऐकता येईल, यात वाईट काय? संदेशाला, पाळकसाहेबांच्या प्रवचनाला, तू कबूल झालीस. साक्षीला नाही. आपल्यात उपासनेच्या शेवटी ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. आजारातून उठलेला, घर सोडून गेलेला आणि परत आलेला, दारू सुटलेला. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगतो. साक्ष सुरू झाली की तू रेकॉर्डिंग थांबवायचीस. मी चिडायचे.

"अगं, सगळ्यांसमोर सांगतायत ना? मग लपवायचं काय आहे?"

"समोर आहेत त्यांना सांगतायत. पेटीत ठेवायला नाही."

"आणि तू? तू ऐकतेसच ना?"

"ऑपरेटरला ऐकू येतं, नलू. ऑपरेटर ऐकत नाही."

आणि तू स्वतः कधी साक्ष दिली नाहीस. इतक्या वर्षांत एकदाही नाही. पाळकसाहेबांनी आग्रह केला की म्हणायचीस, "मी लाईन जोडते. बोलायचं काम तुमचं."

म्हणून मला कसं सुचावं, ताई? मला कसं सुचावं की त्या रविवारी, ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी, अंगात ताप असताना, ठाण्याच्या हॉस्पिटलच्या खाटेवरून तू बोलणार आहेस?

आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. तुझा आवाज ओढलेला. मी कामाचं तेवढं बोलले. "तू उद्या बोर्डावर बसू नकोस. ठाण्याचं लिलीबाई बघतील, पासवर्ड मी त्यांना दिलाय. मी माझं बघते." तू म्हणालीस, "बरं." एवढंच. "बरं" म्हणताना तू एक शब्द जास्त बोलली असतीस, "मी उद्या बोलेन म्हणते", एवढंच, तर मी अकराचे बारा केले असते. हॉल गेला असता शाळेला. सगळ्या डोंबिवलीला बाहेर रस्त्यावर उभं केलं असतं. मी तुझ्यावर रागावलेय, ताई. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलेय.

रविवारी अकराला पाच कमी होते तेव्हा मी मीटिंग सुरू करायला गेले. चौकोन आला. पाच मिनिटं थांबले. अकरा वाजले. परत चौकोन. आमच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. बाजा वाजवणाऱ्या विल्सनने सूर धरून ठेवला होता. मी फोन हातात घेतला. यादीत तुझं नाव सगळ्यात वर असतं. बोट तुझ्या नावावर ठेवलं. आणि मनात आलं, आजारी बाईला कशाला त्रास. ती झोपली असेल. आत्ता फोन वाजला तर दचकेल, टाके दुखतील.

म्हणून मी फोन खाली ठेवला आणि बटण दाबलं.

सोमवारपासून मी या एका वाक्याभोवती फिरतेय. नियम मला पाठ होता. तू होतीस म्हणून तो नियम होता आणि तू आजारी होतीस म्हणून मी तो मोडला. तुझी काळजी केली म्हणून तुझं तोंड बंद केलं. लिलीबाईंना फोन करावा हे मला सुचलं नाही, कारण इतकी वर्षं फोन तुलाच करायचा असायचा. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी त्याला झापलं असतं. माझ्या जागी मीच होते.

दुपारी घरी जाऊन मी तुला मेसेज टाकला. "ठाण्याचं वेळेत आटपलं ना?" मला काहीच माहीत नव्हतं तेव्हा. थोड्या वेळाने तुझं उत्तर आलं. "तुझं वेळेवर सुरू झालं ना?" मी लिहिलं, "हो. अकरा पाच." तू अंगठा पाठवलास.

त्या अंगठ्याकडे मी किती वेळा पाहिलं असेल. तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक नसणं शक्यच नाही, अकराच्या सुमाराला ठाण्याची लाईन कोण घेतं ते तुझ्याच वहीत लिहिलंय. तरी तू अंगठा पाठवलास.

सोमवारी सकाळी लिलीबाईंचा फोन. "मार्थाताई काल पहिल्यांदा साक्ष द्यायला लागल्या हो. सगळे रडायच्या बेताला आलेले. आणि मध्येच नेटवर्क गेलं. सगळेच बाहेर पडलो. परत जोडायला गेलो तर जोडेना." मी विचारलं, किती वाजता. म्हणाल्या, "अकरा झाले असतील."

मी म्हणाले, "बरं." तुझ्यासारखंच.

तेव्हाच उठून यायला हवं होतं. कल्याणहून ठाणे काही परदेश नाही. पण मी काम करते त्या कल्याणच्या शाळेत प्रवेशाचे दिवस, ऑफिसच्या खिडकीसमोर रांग, आणि मी हिशोबी बाई. बुधवारी अर्धा दिवस होता. ठरवलं, बुधवारी जायचं, खुर्ची ओढून बसायचं, सरळ सांगायचं: ताई, मी तोडली लाईन, आता उरलेलं मला सांग. असलं फोनवर बोलायचं नसतं असं वाटलं मला. ज्या बाईने अर्धं आयुष्य लोकांची सगळ्यात महत्त्वाची बोलणी तारेवरून जोडली, तिच्याशी फोनवर बोलणं मला कमी वाटलं.

मंगळवारी दुपारी तू गेलीस. संसर्ग रक्तात उतरला म्हणाले डॉक्टर. प्रेरणाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी मुलीचा जन्मदाखला होता. तो मी आधी फायलीत लावला. मग बसले.

मातीला माणसं होती. चारही मंडळ्या आल्या होत्या, गायकवाडकाका व्हीलचेअरवर. कबरेपाशी ठाण्याचे पाळकसाहेब बोलले, चांगलं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "आपल्या भगिनीची साक्ष इथे अपुरी राहिली. नेटवर्क तुटलं. पण प्रभूने ठरवलं असावं की उरलेली साक्ष तिने त्याच्याच समोर पुरी करावी." लोकांनी माना हलवल्या. लिलीबाई हुंदका देऊन रडल्या. मी हातातली माती घट्ट धरून उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की प्रभूने काही ठरवलं नाही. मी ठरवलं, घड्याळ बघून. माझं आहे ते त्याच्या नावावर घालू नका. पण मी माती टाकली, मागे सरकले आणि फुलं कुठे ठेवायची ते लोकांना दाखवायला लागले. मला तेवढंच येतं.

मग मी विचारत सुटले. जमेल त्याला. तू काय बोलत होतीस आणि कुठे तुटलं. वहीत लिहून घेतलं, शाळेत लिहिते तसं. लिलीबाई म्हणतात, तू आधी म्हणालीस, "डोंबिवलीला अकराला लाईन द्यायची आहे, मी थोडक्यात सांगते." हे सगळ्यांनीच सांगितलं. हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं, प्रत्येकाच्या तोंडून, आणि प्रत्येक जण कौतुकाने सांगत होता. त्यापुढे मात्र कुणाचं कुणाशी जुळत नाही. एक म्हणतात, तू आईबद्दल बोललीस. एक म्हणतात, नोकरीबद्दल. ठाण्याचे खजिनदार म्हणाले, "त्यांचं झालंच होतं जवळजवळ, बाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, तरी ते असं का म्हणाले, देव जाणे. आणि रेकॉर्डिंग नाही. अर्थातच नाही. साक्ष सुरू झाल्यावर लिलीबाईंनी ते थांबवलं, तुझ्या नियमाप्रमाणे. ते भांडण तू असं जिंकशील असं मला वाटलं नव्हतं.

प्रेरणाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिने फोन जेवणाच्या टेबलावर उभा करून दिला आणि ती खाली औषधं आणायला गेली. "मी परत आले तर आत्या बोलतच होती. मी फोन बघितला तर मीटिंग बंद. तिला चष्मा नव्हता, तिला काही दिसत नव्हतं. मला वाटलं, बोलू दे. मी दारातच थांबले, नर्सशी बोलत. बाजूच्या खाटेवरच्या काकू जाग्या होत्या पण. त्या मान हलवत होत्या."

म्हणजे तू थांबली नव्हतीस. मी लाईन तोडली आणि तू बोलत राहिलीस.

त्या काकूंना खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी सोडलं होतं. प्रेरणाकडे त्यांच्या सुनेचा नंबर होता. शनिवारी मी शाळेतून थेट टेंभी नाक्याला गेले. जुनी इमारत, पहिला मजला. परबकाकू खाटेवर, पायाखाली उशी. सुनेने पाणी दिलं. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं.

"अगो, त्या गेल्या?" काकू म्हणाल्या. "मला कोणी सांगितलंच नाही."

सून म्हणाली, "आई, तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं."

काळजी करणारी माणसं सगळीकडे सारखीच.

मी विचारलं, "त्या रविवारी ताई काय बोलत होत्या, आठवतंय का तुम्हाला?"

"मला वाटलं माझ्याशीच बोलतायत. मी आपली हो हो म्हणत होते. आधी देवाचं होतं काहीतरी. मग त्यांच्या नोकरीचं. त्या फोनात होत्या ना? तेव्हा त्या नवीन होत्या. कोण माणूस होता, देवगडला घरी बोलत होता. आई का कोण आजारी. तीन मिनिटं झाली, आणखी बोलायचंय का, ह्या विचारायच्या राहिल्या, वायर काढून मोकळ्या झाल्या. परत जोडायला गेल्या तर लागेना. तो बिचारा खिडकीवर उभा, म्हणत होता, बाई, आई एवढ्यात मला काहीतरी सांगत होती."

"मग?"

"मग माझा डोळा लागला. त्या इंजेक्शनाने गुंगी यायची. ऐकते ऐकते म्हणता झोपले."

"म्हणजे शेवट?"

"शेवट नाय गो ऐकला."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मावशी, चहा टाकू?" मी नको म्हणाले. मग हो म्हणाले, कारण उठवत नव्हतं.

चहा पिताना मी काकूंना विचारलं, "ताई कुणावर रागावल्या होत्या का?"

"कोणावर? नाय. मी जागी झाले तेव्हा त्यांनी चष्मा घातला होता, फोन बघत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हीपण झोपलात होय? इकडे ते गेले, तिकडे तुम्ही. आणि हसल्या. पोट धरून हसल्या, टाके दुखले तरी."

तू हसलीस, यावर माझा विश्वास आहे. तसंच हसली असशील. मी रिक्षात बसून पूर्ण रस्ता तेच धरून होते. पण भागत नाही, ताई. हसणं म्हणजे उरलेली गोष्ट नव्हे. त्या माणसाला लाईन पुन्हा मिळाली का? आईचं बोलणं त्याला कधी कळलं का? तू त्याच्याशी काय बोललीस खिडकीवर? त्याची माफी मागितलीस का? त्याने दिली का? मला हे निव्वळ कुतूहल म्हणून नकोय. मला ते लागणार आहे. खिडकीवर आता मी उभी आहे आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणी यातून पार पडल्याचं मला माहीत नाही. तू कशी जगलीस पुढे? रोज बोर्डावर कशी बसलीस? ते सांगायलाच तू तोंड उघडलंस, आयुष्यात एकदा, आणि मी बटण दाबलं.

मी तुला म्हणाले होते ना, तुमच्या वेळी तीन मिनिटांनी काढत होतात की. ते मी कुणाला म्हणाले, हे मला त्या रिक्षात कळलं.

तुझ्यामुळे मला काय मिळालं ते पत्रकात लिहायला हवं, लिलीबाईंनी तशी जागा ठेवली आहे. लिहिते. माझा नवरा गेला त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हते. मंडळीत यायचे, काम करायचे, जायचे. तू मला रविवारी रात्री जेवणाआधी फोन करायचीस आणि म्हणायचीस, "लाईन तपासतेय." आणि गप्प बसायचीस. मीही गप्प. दोघींकडे पंख्याचा आवाज. थोड्या वेळाने म्हणायचीस, "लाईन चांगली आहे," आणि ठेवायचीस. वर्षभर केलंस हे. मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मला वाटायचं तू खरंच लाईन तपासतेस. नाही, खोटं कशाला लिहू. मला तसं वाटत नव्हतं. मला आभार मानता येत नाहीत, एवढंच.

आता आजचं सांगते आणि थांबते. आज रविवार. तुझ्याविना पहिला.

कमिटीतल्या एकाने सकाळीच विचारलं, हे खातं आता बंदच करायचं का, सांभाळणारं माणूस राहिलं नाही. मी म्हणाले, आहे. जास्त काही बोलले नाही.

ठाकुर्लीची उपासना मी घरून चालवली. ठाण्याची लिलीबाईंनी सुरू केली. मी दहा वाजता डोंबिवलीच्या हॉलमध्ये, लॅपटॉप नेहमीच्या जागी. अकराला पाच कमी असताना पहिला चौकोन आला. या खात्यावर दुसरी मीटिंग चालू आहे. मी रद्द केला. अकराला परत आला. विल्सनने सूर धरला. पाळकसाहेबांनी मान हलवली. मी त्यांना हाताने खूण केली, थांबा. ते कपाळाला आठ्या घालून खाली बसले.

मी फोन घेतला आणि सवयीने सगळ्यात वरचं नाव दाबलं.

तुझा फोन माझ्याच जवळ वाजला. पायाशी, खुर्चीखाली, निळ्या पिशवीत. तुझी ती जुन्या टेलिफोनसारखी खणखणीत रिंग. अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पहिल्या रांगेतली एक बाई पुटपुटली, "कुणाचा आहे? बंद करा."

मी नाही केला बंद. दोन्हीकडून मीच होते, फोन कापणं माझ्याच हातात होतं, आणि मी तो वाजू दिला. वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत. मग लिलीबाईंना लावला. त्यांच्या मागून कुणीतरी म्हातारं माणूस सावकाश, अडखळत बोलत होतं. शब्द कळत नव्हते आणि मी ते कळून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

लिलीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "नलिनीबाई, त्यांचं अजून चाललंय. तोडू का?"

"नको," मी म्हणाले. "त्यांना म्हणावं, डोंबिवली थांबली आहे. सावकाश बोला."